नोंद ठेवणाऱ्यांची नोंद

'कारकीर्द' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि बखरींतून रुळला. माधवरावांची कारकीर्द, नाना फडणिसांची कारकीर्द असे आपण म्हणत आलो. ज्याच्या हाती सत्ता, त्याची कारकीर्द. गादीवर बसल्याची तिथी ठाऊक, उतरल्याची तिथी ठाऊक आणि मधल्या काळातले कागद रुमालांत बांधून ठेवलेले. पुढे हा शब्द नोकरदारांना, लेखकांना, नटांना लागू झाला, तरी त्यातला गादीचा भाव पुरता गेला नाही. म्हणूनच एखाद्या स्त्रीच्या कलाजीवनाविषयी लिहावयास बसले की हा शब्द अडखळतो. आरंभ कोणता धरायचा, अखेर कोणती, आणि कागद कोठे आहेत?

आमच्यापुढे हा प्रश्न उभा राहिला तो वर्गामुळे. साहित्य आणि चित्रपट या विषयाची अभ्यासपत्रिका शिकविताना आम्ही फ्रेंच चित्रपटावर चार पानांचे टिपण तयार केले होते. ल्युमिएर बंधू, मेलिएस, रन्वार, त्र्युफो, गोदार अशी नावे त्यात ओळीने होती. स्त्री एकच होती, आन्येस वार्दा, आणि तीही कंसात. हे टिपण आम्ही कित्येक वर्षे निःशंकपणे वापरले, हे कबूल केलेले बरे. पुढे मुळापासून वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की, फ्रेंच चित्रपटाच्या व्यवसायात स्त्रिया अगदी पहिल्या दिवसापासून होत्या. मात्र त्या ज्या दारांतून आत आल्या ती दारे बहुधा लेखनिकीची होती : लघुलेखन, टंकलेखन, चित्रीकरणातील कंटिन्युइटीची वही, संकलनाची खोली, दूरचित्रवाणीवरील निवेदन, जुन्या फितींचे संग्रहालय. नोंद ठेवण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांचीच नोंद राहिली नाही. या विसंगतीचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

आणखी एक खुलासा. 'फ्रेंच' असे न म्हणता आम्ही 'फ्रेंचभाषक' म्हणत आहोत. मराठी म्हटले की पुणे-मुंबई आधी आठवते आणि बेळगाव, इंदूर, बडोदे मागाहून. तसेच पॅरिसच्या बाबतीत होते. ब्रुसेल्स, लोझान, माँत्रेआल, दकार, मार्टिनिक ही या भाषेची इतर बिऱ्हाडे आहेत आणि या कथेतील अनेक स्त्रिया तेथल्याच आहेत.

२२ मार्च १८९५ रोजी पॅरिसमधील एका उद्योगवर्धक संस्थेच्या सभेत ल्युमिएर बंधूंनी आपल्या यंत्राचे प्रात्यक्षिक दाखविले. सर्वसामान्य प्रेक्षकांसाठीचा प्रसिद्ध खेळ त्यानंतर नऊ महिन्यांनी, डिसेंबरात झाला. मार्चच्या त्या सभेत छायाचित्रण-साहित्याच्या एका पेढीचे लेओं गोमों उपस्थित होते आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या एकवीस वर्षांच्या चिटणीस होत्या, आलिस गी. वडिलांचा चिलीमध्ये पुस्तकांचा व्यवसाय होता. तो बुडाला, वडील वारले, आणि आईचा भार उचलण्यासाठी मुलीने लघुलेखन आणि टंकलेखन शिकून १८९४ मध्ये ही नोकरी धरली होती. लवकरच ती पेढी गोमों यांच्या ताब्यात आली. त्यांना यंत्रे विकायची होती. यंत्र कसे चालते हे गिऱ्हाइकाला दाखविण्यापुरत्या फिती लागत : संचलने, आगगाड्या, रस्त्यावरची वर्दळ. आलिस गी यांना वाटले, यापेक्षा एखादी लहानशी गोष्ट रचून दाखविली तर? त्यांनी मालकाकडे परवानगी मागितली आणि ती मिळाली. अट एकच होती : कचेरीच्या पत्रव्यवहारात खंड पडता कामा नये.

जगातील पहिल्या कथापटांपैकी एक, 'ला फे ओ शू', म्हणजे 'कोबीची परी', या अटीवर जन्माला आला. फ्रान्समध्ये लहान मुलांना सांगतात की बाळे कोबीच्या गड्ड्यांत सापडतात. परी कोबीमागून एकेक बाळ उचलून काढते, एवढीच गोष्ट. हा चित्रपट १८९६ चा असे आलिस गी यांनी स्वतः सांगितले आहे. आज उपलब्ध असलेली मिनिटभराची फीत १९०० ची मानली जाते, आणि पहिली आवृत्ती खरोखर कधीची यावर अभ्यासक अजून भांडतात. आम्हांला त्या भांडणापेक्षा ती अट अधिक बोलकी वाटते. मेलिएस यांनी पहिला चित्रपट काढला तेव्हा त्यांना कोणी, आधी आजची पत्रे पुरी करा, असे बजावले नव्हते.

पुढील दहा-अकरा वर्षे आलिस गी गोमों कंपनीच्या चित्रनिर्मितीच्या सर्वेसर्वा होत्या. कथा, नेपथ्य, नटांची निवड, दिग्दर्शन सारे त्या पाहत. बोलपट यायला वीस वर्षे अवकाश असताना, ध्वनिमुद्रिकेवर ओठ जुळवून गाणाऱ्या गायकांच्या शंभराहून अधिक फिती त्यांनी काढल्या. लुई फयाद नावाच्या लेखकाला त्यांनीच कंपनीत घेतले आणि १९०७ मध्ये विवाहामुळे अमेरिकेस जाताना आपल्या जागी त्याचीच शिफारस केली. फयाद आज फ्रेंच मूकपटांच्या इतिहासात मोठ्या अक्षरांत आहे.

१९०६ मध्ये त्यांनी ख्रिस्तचरित्रावर पंचवीस दृश्यांचा, अर्ध्या तासाहून थोडा मोठा चित्रपट काढला. सुमारे तीनशे माणसे त्यात वावरतात. चित्रकार तिसो याच्या बायबल-चित्रांवरून दृश्ये बेतलेली होती. त्या काळात ही अवाढव्य निर्मिती होती. पाहताना जाणवते की, या चरित्राच्या प्रत्येक वळणावर स्त्रिया उभ्या आहेत : वाटेवर पाणी देणाऱ्या, क्रुसामागून चालणाऱ्या, थडग्यापाशी येणाऱ्या, आणि ख्रिस्ताचा चेहरा पुसणारी व्हेरोनिका तर कॅमेऱ्याजवळ येऊन ते वस्त्र आपल्यापुढे धरते. बाह्य चित्रीकरणात विक्तोरँ जासे नावाचे साहाय्यक होते. पुढे काही इतिहासग्रंथांत हा चित्रपट त्यांच्याच नावावर चढला. दिग्दर्शकाचे नाव पडद्यावर देण्याची पद्धतच तेव्हा नव्हती. कंपनीचे चिन्ह तेवढे असे. गोमों कंपनीचे पुढे प्रसिद्ध झालेले चिन्ह होते एक फूल. मालकाच्या आईचे नाव मार्गरित आणि फ्रेंचमध्ये मार्गरित म्हणजे डेझीचे फूल. मालकाच्या आईचे नाव अशा रीतीने चित्रपटांवर राहिले.

येथे मराठी वाचकाला एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. दादासाहेब फाळके यांनी 'नवयुग' मासिकातील १९१७ पासूनच्या लेखमालेत सांगितले आहे की, मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहताना त्यांना पडद्यावर आपले कृष्ण, राम दिसू लागले आणि त्या रात्रीने त्यांचे आयुष्य पालटले. हा चित्रपट नेमका कोणता? आलिस गी यांचा १९०६ चा, असे काही जण सांगतात. पाते कंपनीचा त्याआधीचा ख्रिस्तपट, असे दुसरे म्हणतात. दोघांनाही निर्विवाद पुरावा देता येत नाही, कारण पडद्यावर नाव नव्हते आणि फाळक्यांना ते विचारण्याचे कारण नव्हते. परंतु भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेत, जी आपण शाळेपासून ऐकतो, एका फ्रेंच स्त्रीचे काम असण्याची शक्यता आहे, हे आम्हांला पंचविशी उलटून कितीतरी वर्षे गेल्यावर कळले. फाळक्यांच्या घरीही काही वेगळे नव्हते. सरस्वतीबाई फाळके फितीला छिद्रे पाडीत, रसायने कालवीत, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत. त्यांना इतिहासात पत्नी म्हणून जागा मिळाली. तंत्रज्ञ म्हणून त्यांच्याकडे पाहणे अलीकडचे.

अमेरिकेत आलिस गी-ब्लाशे यांनी १९१० मध्ये 'सोलॅक्स' ही स्वतःची कंपनी काढली आणि १९१२ मध्ये न्यू जर्सीतील फोर्ट ली येथे स्वतःचा स्टुडिओ बांधला. नटांनी सहज वागावे, अशा अर्थाची दोन शब्दांची मोठी पाटी तेथे लावलेली असे. ज्या काळी नाटकातले हातवारे जसेच्या तसे पडद्यावर येत होते, त्या काळी ही पाटी म्हणजे एक अभिनयसिद्धांतच होता. पण दशक संपता संपता कंपनी कर्जात बुडाली, चित्रव्यवसाय पश्चिमेकडे हॉलिवूडला सरकला, संसार मोडला. १९२२ मध्ये दोन मुलांना घेऊन त्या फ्रान्सला परतल्या. वय एकोणपन्नास. काम मिळेना. आपण काय केले हे दाखवायला हाती एक फीत नव्हती. १९२७ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या, वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आपले चित्रपट शोधले आणि रिकाम्या हाताने परतल्या. १९३० मध्ये गोमों कंपनीने स्वतःचा इतिहास छापला, त्यात १९०७ पूर्वीच्या चित्रनिर्मितीचा उल्लेखच नव्हता. आलिस गी यांनी जुन्या मालकाला पत्र लिहिले. दुरुस्ती करण्याचे सौजन्यपूर्ण आश्वासन आले. दुरुस्ती छापली गेली नाही.

मग या बाईंनी जे केले ते आम्हांला त्यांच्या कोणत्याही चित्रपटाइतके मोलाचे वाटते. त्या पुन्हा चिटणीस झाल्या. या खेपेस स्वतःच्या. आठवेल तशी चित्रपटांची यादी करणे, इतिहासकारांना पत्रे लिहिणे, चुका दाखविणे, असे काम त्यांनी म्हातारपणी वर्षानुवर्षे केले. आठवणी लिहून काढल्या, त्यांना प्रकाशक मिळाला नाही. २४ मार्च १९६८ रोजी चौऱ्याण्णवाव्या वर्षी न्यू जर्सीत त्यांचे निधन झाले. ते आत्मकथन १९७६ मध्ये छापले गेले. त्यांच्या चित्रपटांची संख्या हजाराच्या आसपास सांगतात. त्यांपैकी दीडशेच्या आसपास आज हाती आहेत. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला १९७६ हे साल वाचून ताराबाई शिंदे आठवाव्यात. 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ चे, स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले १९७५ मध्ये. दोन दूरच्या भाषांत, एका वर्षाच्या अंतराने. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आलिस गी यांचे ते आत्मकथन सिद्ध करणाऱ्या स्त्रियांच्या गटाचे नाव होते 'म्युसिदोरा'. हे नाव एका नटीचे. फयादच्या 'ले व्हांपीर' (१९१५-१६) या मालिकापटात काळ्या अंगबरोबर वेषातील चोरटी रंगविणाऱ्या म्युसिदोरा सर्वांना माहीत आहेत. अतिवास्तववादी कवी त्यांच्यावर लुब्ध होते. पण त्यांनी स्पेनमध्ये जाऊन चित्रपट दिग्दर्शित केले आणि उत्तरायुष्यात पॅरिसच्या 'सिनेमातेक' या चित्रसंग्रहालयात मूकपटांच्या काळातील लोकांच्या आठवणी टिपून ठेवण्याचे काम केले, हे फारसे कोणी सांगत नाही. तेथील तिकीटखिडकीवरही त्या बसत असे म्हणतात. एकेकाळी जिच्यासाठी तिकीटखिडकीवर झुंबड उडे, तीच आत बसून तिकिटे फाडते आहे, आणि पलीकडच्याला त्याचा पत्ता नाही!

जेर्मेन द्युलाक यांची गोष्ट वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना जवळची वाटावी. त्या नियतकालिकातून चित्रपटाकडे आल्या. 'ला फ्रांसेज' या स्त्रियांच्या पत्रात नाट्यसमीक्षा लिहीत. १९२३ च्या त्यांच्या 'मादाम ब्योदे' या मूकपटात एका प्रांतिक गावातील वाचनवेडी गृहिणी आणि तिचा रटाळ नवरा यांच्या संसाराचे असे चित्र आहे की फ्लोबेरची मादाम बोव्हारी आठवते. १९२८ मध्ये आंतोनँ आर्तो यांच्या पटकथेवरील 'शंख आणि धर्मगुरू' या चित्रपटाच्या वेळी अतिवास्तववाद्यांनी प्रेक्षागृहात दंगा केला, आर्तोच्या कल्पनेची दिग्दर्शिकेने नासाडी केली म्हणून. इतिहासात हा दंगा सविस्तर येतो. त्यानंतर १९३० च्या दशकात द्युलाक यांनी गोमोंच्या वृत्तपटांचा विभाग चालविला, तो मात्र 'उतरती कळा' म्हणून एका ओळीत. आम्हांला ही मांडणी पटत नाही. वृत्तपट हाच खरा, न रचलेला चित्रपट, असे त्यांचे मत होते आणि त्यांनी ते लिहूनही ठेवले होते. कलावंताने नोंदीच्या कामाकडे वळणे म्हणजे घसरण, हे कोणी ठरविले?

जाकलीन ओद्री यांनी कंटिन्युइटीची वही सांभाळण्यापासून सुरुवात केली. कोणत्या दृश्यात नटाच्या कोणत्या हातात पेला होता, बाहीचे बटण लागलेले होते की नाही, हे टिपून ठेवणारी ती मुलगी. फ्रेंच चित्रपटात हे काम पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांकडेच राहिले. तेथून साहाय्यक आणि मग दिग्दर्शिका. कोलेतच्या कथेवरचा 'जिजी' (१९४९), मुलींच्या निवासी शाळेतील अव्यक्त आकर्षणांवरचा 'ऑलिव्हिया' (१९५१), सार्त्रच्या नाटकावरचा 'वी क्लो' (१९५४). 'ऑलिव्हिया'चे संवाद त्यांच्या लेखिका बहीण कोलेत ओद्री यांचे. माध्यमांतराच्या अभ्यासपत्रिकेसाठी याहून उत्तम साहित्य शोधून सापडणार नाही. परंतु नव्या लाटेच्या तरुण समीक्षकांनी साहित्यकृतींवरच्या देखण्या चित्रपटांची टर उडवायला सुरुवात केली आणि त्या पुरात ओद्रीही वाहून गेल्या. 'जिजी' म्हटले की आज १९५८ चा हॉलिवूडचा संगीतपट आठवतो.

नव्या लाटेचे नाव निघाले म्हणून वार्दा. जन्म १९२८ चा, ब्रुसेल्सजवळचा. त्या नाट्यसंस्थेच्या छायाचित्रकार होत्या. चित्रपटाचे कोणतेही शिक्षण नसताना १९५४ मध्ये त्यांनी सेत या बंदरातील कोळीवस्तीत 'ला प्वँत कुर्त' चित्रित केला. फॉकनरच्या 'द वाइल्ड पाम्स' या कादंबरीत दोन असंबद्ध कथा आलटून पालटून येतात, तशी त्याची बांधणी : एक प्रकरण दुरावत चाललेल्या नवराबायकोचे, एक कोळ्यांचे. संकलन आलँ रेने यांचे. त्र्युफोचा पहिला दीर्घ चित्रपट यानंतर पाच वर्षांनी आला. वार्दा त्र्युफोहून चार वर्षांनी आणि गोदारहून दोन वर्षांनी मोठ्या. तरी त्यांना उपाधी मिळाली 'नव्या लाटेची आजी'! मूळपुरुष, प्रवर्तक, आद्य असे शब्द असताना आजीच का, हे ज्याचे त्याने ताडावे. वार्दांनी मात्र त्या थट्टेचा राग धरला नाही.

त्यांच्या १९७५ च्या 'दागेरेओतीप' या माहितीपटाची हकीकत सांगण्याजोगी आहे. मुलगा दोन-अडीच वर्षांचा होता, घर सोडणे शक्य नव्हते. जर्मन दूरचित्रवाणीसाठी चित्रपट करावयाचा होता. त्यांनी घरातल्या वीजमीटरला तार जोडली आणि ती जेथवर पोचेल तेथवरचीच दुकाने चित्रित करावयाची असे ठरविले : पाववाला, खाटीक, शिंपी, अत्तरांचा म्हातारा दुकानदार आणि त्याची विस्मृतीत हरवलेली बायको. छायालेखनात नुरिथ अविव होत्या. आमच्या एका सहकारी बाईंनी हे ऐकून एवढेच म्हटले की, त्यांचा प्रबंधही असाच, पाळण्याच्या दोरीच्या लांबीइतका झाला.

दूरचित्रवाणीचा इतिहास याहून वेगळा नाही. १९४९ मध्ये फ्रेंच दूरचित्रवाणीने निवेदिका नेमल्या, त्यांत जाकलीन जूबेर होत्या. पुढचा कार्यक्रम कोणाचा, दिग्दर्शक कोण, हे हसतमुखाने सांगायचे. स्वतः मात्र कार्यक्रम करायचा नाही. देशाच्या घराघरांत ओळखीचा झालेला हा चेहरा इतरांची नावे उच्चारण्यासाठी होता. जूबेर यांनी ही चौकट ओलांडली, दिग्दर्शन केले आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दुसऱ्या वाहिनीचा मुलांच्या कार्यक्रमांचा विभाग उभारला. एलियान विक्तोर यांची 'ले फाम ओसी' (१९६४-७३), म्हणजे 'स्त्रियासुद्धा', ही मालिका कॅमेरा घेऊन कामगार वस्त्यांत, शेतघरांत, सहा मुलांच्या आईच्या स्वयंपाकघरात शिरली. भाग दिग्दर्शित करणारे बहुतेक पुरुष होते; कोणाचे ऐकायचे हे ठरविणारी बाई होती.

आता देल्फीन सेरिग. रेने, त्र्युफो, ब्युन्युएल यांच्या चित्रपटांतील ती गूढ, तलम आवाजाची स्त्री. १९७५ च्या एकाच वर्षात त्यांचे दोन चित्रपट आले आणि दोन्हींच्या दिग्दर्शिका स्त्रिया. मार्गरित द्युरास यांच्या 'इंडिया साँग'मध्ये त्या कलकत्त्यातील फ्रेंच वकिलाची पत्नी आहेत. हे कलकत्ता पॅरिसजवळच्या एका पडक्या प्रासादात उभे केलेले; पात्रे पडद्यावर ओठ हलवीत नाहीत आणि संवाद बाहेरून ऐकू येतात. आपल्याला हे कलकत्ता ओळखू येत नाही, आणि बहुधा येऊही नये. दुसरा, ब्रुसेल्सच्या शांताल आकेर्मान यांचा 'जान दिएलमान'. यात त्याच सेरिग बटाटे सोलतात, भांडी घासतात, पलंगपोस ठीकठाक करतात. तीन तास एकवीस मिनिटे. जागचा न हलणारा कॅमेरा बाबेत मांगोल्त यांचा, चमूत बहुतांश स्त्रिया, आणि दिग्दर्शिका पंचविशीच्या आतबाहेर. आम्ही हा चित्रपट विद्यार्थ्यांना दाखविला तेव्हा पहिल्या तासात निम्मे निघून गेले. राहिल्या त्यांत मुली अधिक होत्या, आणि बटाटे करपतात त्या क्षणी त्या ज्या दचकल्या ते कोणत्याही भयपटात पाहिले नाही. २०२२ मध्ये ब्रिटिश 'साइट अँड साउंड' मासिकाच्या समीक्षक-कौलात हा सर्वकाळचा श्रेष्ठ चित्रपट ठरला. दर दहा वर्षांनी, १९५२ पासून घेतल्या जाणाऱ्या या कौलात स्त्रीचा चित्रपट पहिला येण्याची ती पहिलीच वेळ होती. आकेर्मान २०१५ मध्येच गेल्या होत्या.

सेरिग यांचे खरे काम आमच्या मते याच सुमारास पडद्यामागे सुरू झाले. स्वित्झर्लंडमधील कारोल रुसोपुलोस यांनी, नोकरी गेल्यावर मिळालेल्या पैशांतून, हातात धरता येण्याजोगा नवा व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. हे यंत्र इतके नवे होते की त्यावर कोणाची मक्तेदारी झालेली नव्हती. तो घेऊन सेरिग पॅरिस आणि लॉस एंजलिस येथील वीसहून अधिक अभिनेत्रींना भेटल्या आणि साधे प्रश्न विचारले. पुरुष असतात तर हा व्यवसाय निवडला असता का? पडद्यावर दुसऱ्या स्त्रीशी मैत्रीचा प्रसंग कधी वाट्याला आला का? जेन फोंडा अस्खलित फ्रेंचमध्ये सांगतात की, गाल खोलगट दिसावेत म्हणून दाढा काढण्याचा सल्ला त्यांना मिळाला होता. मारिया श्नायडर बोलतात तेव्हा त्या पंचविशीच्याही नाहीत, आणि चेहऱ्यावर थकवा आहे. १९७५-७६ मधील या मुलाखतींचा चित्रपट 'स्वा बेल ए ते-त्वा', म्हणजे 'सुंदर दिस आणि गप्प बस', १९८१ मध्ये प्रदर्शित झाला.

त्याच गटाने ३० डिसेंबर १९७५ रोजीचा दूरचित्रवाणीवरील एक कार्यक्रम घरी ध्वनिचित्रमुद्रित केला. महिला वर्ष संपले एकदाचे, अशा थट्टेच्या सुरातल्या या कार्यक्रमात स्त्रियांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या मंत्री फ्रांस्वाज जिरू पाहुण्या होत्या आणि पुरुषांच्या विनोदांवर हसून वेळ मारून नेत होत्या. सेरिग-मंडळींनी ती फीत थांबवून थांबवून, हाताने लिहिलेल्या फलकांची भर घालून, गाण्यांचे तुकडे जोडून तिला आडवेतिडवे प्रश्न विचारले. चित्रपट पाहताना हसू आवरत नाही. पण आम्हांला त्यात एक बोच लागून राहिली. या जिरूबाई कोण? तरुणपणी रन्वार यांच्या 'ला ग्रांद इल्युझिओं'मध्ये कंटिन्युइटीची वही सांभाळणारी मुलगी. पुढे थोर पत्रकार. पुरुषांच्या खोलीत टिकून राहण्यासाठी काय ऐकायचे, काय सोडून द्यायचे हे त्यांच्या पिढीने कष्टाने शिकलेले होते. पुढच्या पिढीने त्या शिक्षणाचीच खिल्ली उडविली. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

फ्रान्सबाहेर वळले की भाषेचाच प्रश्न उभा राहतो. क्वेबेकच्या आन-क्लेर प्वारिए कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात १९६० मध्ये आल्या. १९६८ मध्ये बाळंतपणावरचा 'द मेर आं फी' त्यांनी काढला आणि त्यानंतर स्त्रियांच्या चित्रपटांची एक संपूर्ण मालिका मंडळाकडून करवून घेतली. तेथे फ्रेंच ही इंग्रजीच्या दडपणाखालची भाषा होती. सेनेगालमध्ये तीच राज्यकर्त्यांची. साफी फाय तेथे शाळाशिक्षिका होत्या; १९७५ च्या त्यांच्या 'काद्दू बेकात'मध्ये एका गावाचे वर्ष पत्राच्या रूपात सांगितले आहे, गावकरी आपल्या बोलीत बोलतात. त्यांचा 'मोसान' १९९० मध्ये चित्रित झाला आणि निर्मात्याशी झालेल्या वादामुळे १९९६ पर्यंत अडकून पडला. फाय २०२३ मध्ये निवर्तल्या. ग्वादलूपच्या वडिलांची मुलगी सारा माल्दोरोर यांनी आडनाव घेतले ते लोत्रेआमों या कवीच्या नायकाचे, आणि 'सांबिझांगा' (१९७२) काढला अंगोलाच्या स्वातंत्र्यलढ्यावर, तुरुंगातील नवऱ्याचा शोध घेत पाठीला बाळ बांधून चालणाऱ्या बाईचा. मार्टिनिकच्या युझान पाल्सी यांनी जोझेफ झोबेल यांच्या कादंबरीवरून 'र्यू काझ-नेग्र' (१९८३) केला, १९८९ मध्ये हॉलिवूडच्या मोठ्या कंपनीसाठी चित्रपट करणारी पहिली कृष्णवर्णी स्त्री ठरल्या, आणि त्यानंतर, त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, कृष्णवर्णी पात्रांच्या कथा व्यवसायाला नको असल्याने दीर्घकाळ बाजूला राहिल्या. २०२२ मध्ये त्यांना मानाचा ऑस्कर दिला गेला.

फ्रान्सच्या सेझार पुरस्कारांत दिग्दर्शनाचा मान स्त्रीला प्रथम मिळाला २००० मध्ये, तोनी मार्शल यांना; दुसऱ्यांदा २०२४ मध्ये, ज्युस्तीन त्रिए यांना. त्याआधी २०२१ मध्ये ज्युलिया द्युकुर्नो यांनी आणि २०२३ मध्ये त्रिए यांनी कानचे सुवर्णपर्ण पटकाविले होते. याच काळात अदेल एनेल या ऐन बहरातल्या अभिनेत्रीने २०२० च्या सेझार समारंभातून उठून जाणे आणि २०२३ मध्ये चित्रव्यवसायाचा जाहीर त्याग करणे पसंत केले. सेरिग यांच्या जुन्या प्रश्नांना ते उशिरा आलेले एक उत्तर होते.

सेरिग, रुसोपुलोस आणि इओआना वीडेर यांनी १९८२ मध्ये पॅरिसमध्ये सिमोन द बोव्हारच्या नावाने एक दृक्‌श्राव्य केंद्र स्थापन केले : स्त्रियांच्या लढ्यांच्या, मुलाखतींच्या, चित्रपटांच्या फिती गोळा करून त्यांची सूची करणारे. म्हणजे पुन्हा नोंदवहीच. सेरिग १९९० मध्ये वारल्या. केंद्र मध्यंतरी बंद पडून पुन्हा सुरू झाले.

आलिस गी यांचे दफन न्यू जर्सीतील माहवा येथे झाले. त्यांच्या थडग्याच्या दगडावर नाव आणि जन्ममृत्यूच्या तारखा, एवढेच कोरलेले होते. २०१२ मध्ये फोर्ट लीच्या चित्रपट समितीने वर्गणी जमवून तो दगड बदलला. नव्या दगडावर 'सोलॅक्स'चे चिन्ह आहे, आणि त्या काय काम करीत होत्या तेही लिहिले आहे.